प्रभूवर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं?

सातपूरकर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कंत्राटी. मार्चअखेर कंत्राट संपतंय आणि पुढचं कोणी धड बोलत नाही. सुपरवायझरला विचारलं की तो म्हणतो, वरून कळलं की सांगतो. पुण्याजवळ चाकणला एक जागा आहे, पगार बरा आहे, पण तिथेही आधी प्रोबेशन. घरी आई आहे, तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं, जन आरोग्य योजनेत बसतं म्हणून निभतंय. मुलगी दुसरीत. बायको शिवणकाम करते, दिवाळी-नाताळला काम बरं असतं, एरवी जेमतेम.

चर्चमध्ये सांगितलं, लोक मनापासून प्रार्थना करतात, त्यांचे उपकार आहेतच. पण जवळजवळ प्रत्येक जण बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 पाठवतो. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते वचन. ते मला लहानपणापासून पाठ आहे आणि खोटं वाटत नाही. पण रात्री दोनला जाग येते तेव्हा ते वचन आणि एप्रिलचा घराचा हप्ता यांची सांगड मला घालता येत नाही.

भरवसा म्हणजे मनात शांती असणं का? मग ती नाही, म्हणजे माझा भरवसाच नाही का? चाकणला अर्ज टाकला तर तो अविश्वास होतो का? आणि देव हित करणार म्हणजे माझी नोकरी राहणार, असं धरून चालायचं का?

उपदेशाला ना नाही. पण तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय धरून चाललात, तेही लिहा.

गोदाकाठची

दादा, तुमच्या आईंसाठी आजपासून नाव घेऊन प्रार्थना करते. 1 पेत्र 5:7 मला फार आधार देतं. आपली सगळी चिंता त्याच्यावर टाकायची, कारण तो आपली काळजी घेतो. 'सगळी' म्हटलंय त्यात, हप्त्याचीही आली.

डायलिसिस कुठल्या भागात असतं? आणि सोबत कोण जातं?

वाचनवही

सातपूरकर, मी निवृत्त शिक्षक, देवळालीला राहतो. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास असतो, त्यात गेल्या पावसाळ्यात यिर्मया घेतला होता. तुम्हाला आलेलं वचन कोणत्या वेळी आणि कोणाला लिहिलं गेलं, ते सविस्तर सांगतो. मला वाटतं तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

29वा अध्याय हे एक पत्र आहे. इ.स.पू. 597च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या राजाने यरुशलेमेहून राजा, सरदार, कारागीर, लोहार असे हजारो लोक धरून नेले. मागे राहिलेला यिर्मया त्या लोकांना हे पत्र पाठवतो. त्याआधीच्या 28व्या अध्यायात काय घडलं ते जरूर वाचा. हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, नेलेली पात्रं परत येतील, नेलेले लोक परत येतील. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून जू होतं, ते काढून हनन्या मोडून टाकतो. लोकांना किती बरं वाटलं असेल! आणि यिर्मया काय म्हणतो? आमेन म्हणतो. परमेश्वर तसंच करो, म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. पण देवाकडून त्याला तो शब्द मिळालेला नव्हता.

मग पत्र जातं. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि सत्तर वर्षं. अकरावं वचन दहाव्यानंतर येतं, आणि दहाव्यात सत्तर वर्षं आहेत. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यातले बहुतेक जण बाबेलातच मेले असणार. वचन खरं ठरलं, पण ते एका माणसाच्या येत्या मार्चचं वचन नव्हतं. ते एका अख्ख्या लोकसमूहाला दिलं होतं, आणि पुरं झालं ते नातवंडांच्या काळात.

यावर कोणी म्हणेल की मग आपल्याला त्याचा काय उपयोग. आहे ना. तुमच्या नोकरीचा शब्द त्यात नाही, पण बाबेलातही देव तुमचा देव राहील, हा शब्द आहे. आणि तोवर काय करायचं, तेही लिहून दिलंय: घर बांधा, झाड लावा, लेकरं वाढवा.

आता 32वा अध्याय. दहा वर्षं उलटली आहेत. खास्दी, म्हणजे बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, कारण शहर पडणार असं तो उघड सांगतोय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अनाथोथ शहराबाहेरचं गाव, म्हणजे ते शेत शत्रूच्या ताब्यात गेलेलं किंवा जायच्या बेतात. यिर्मया ते विकत घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख, त्याला सांगतो की दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आमच्या शास्त्राभ्यासात एक जण तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत, त्यांना या व्यवहाराचं भारी कौतुक वाटलं. वेढ्यातल्या शहरात कैदी माणूस कागदपत्र इतकं चोख करतो!

आणि ते झाल्यावर, झाल्यावर बरं का, तो प्रार्थना करतो आणि देवाला विचारतो: प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? मनाचा गोंधळ संपायची वाट त्याने पाहिली नाही. सांगितलं ते केलं आणि गोंधळ देवापुढे ठेवला. त्यामुळे शांती वाटत नाही म्हणजे भरवसा नाही, हे मी मानायला तयार नाही. यिर्मयाच्या पुस्तकात शांत बसलेला यिर्मया क्वचितच सापडतो.

ते शेत त्याने पुढे कसलं का? शहर पडलं, आणि 43व्या अध्यायात लोक त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये घेऊन जातात. त्या शेताचा पुन्हा उल्लेख नाही.

पंचवटीकर

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय आणि वाचनवहींचा प्रतिसाद फार आवडला. एक शंका आहे, राग मानू नये. आमच्या आजी म्हणायच्या, नशिबात असेल ते होईल. तुम्ही म्हणता देवाच्या हाती आहे. रोजच्या जगण्यात या दोन्हींत काय फरक पडतो? दोन्हीकडे माणसाने हात जोडायचे आणि होईल ते पाहायचं, असंच ना?

वाचनवही

राग कसला, प्रश्न मुद्द्याचा आहे.

नशिबाशी बोलता येत नाही. त्याच्यापुढे रडता येत नाही, भांडता येत नाही, 'हा प्याला टळू दे' असं म्हणता येत नाही. येशूने गेथशेमाने बागेत नेमकं तेच म्हटलं. घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक लिहितो. जे हवं ते त्याने आधी स्पष्ट मागितलं आणि मग म्हटलं, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. समोर बाप आहे म्हणून मागता आलं, आणि बाप आहे म्हणूनच सोडताही आलं. स्तोत्रसंहितेत तर 'किती वेळ?' असं देवाला ठणकावून विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ती.

आणि हात जोडून बसायचं म्हणाल तर पवित्र शास्त्रात ते कुठे फारसं दिसत नाही. योसेफाने दुष्काळ येणार हे कळल्यावर सात वर्षं धान्याची कोठारं भरली. येशूनेच सांगितलं की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. म्हणून सातपूरकर, चाकणला अर्ज टाका. अर्ज टाकणं हा अविश्वास नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. तेव्हा तुमच्या-आमच्यात बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पंचवटीकर. येत राहा.

अंबडलिंक

वरच्या चर्चेत भर म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. मी एचआरमध्ये होतो. मार्चची वाट न पाहता पीएफच्या खात्याचं केवायसी, आधार आणि बँक जोडणी तपासून घ्या. कंत्राटदाराकडून अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा आत्ताच मागा. कंत्राट संपल्यावर फोन उचलला जाईलच असं नाही. क्वालिटीतलं इन्स्पेक्शनचं जे जे काम येतं ते बायोडेटात नीट लिहा, गेजेस, सीएमएम अशी मापं घ्यायची जी साधनं वापरता, काय असेल ते. व्यनि (खाजगी निरोप) करा, मी बघून देतो.

यालाही मी सेवाच समजतो.

द्राक्षबाग

दिंडोरी तालुका. आमची बाग आहे, भावाभावांत मिळून. भरवशाचा विषय निघाला की मी हबक्कूक 3:17 उघडतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरू नाही. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. शहरातल्या माणसाला हे काव्य वाटत असेल. आम्हाला ही पंचनाम्याची यादी वाटते.

ज्यांना बागेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. माल येतो ऑक्टोबरनंतर, पण त्या मालाचा घड काडीतल्या डोळ्यात तयार होतो तो एप्रिलच्या छाटणीनंतर, उन्हाळ्यात. बाहेरून काहीच दिसत नाही. हिरवी काडी, त्यावर डोळा, बस. ऑक्टोबरच्या आधी आम्ही काड्या कापून प्रयोगशाळेत देतो, तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि सांगतात की घड आहे का, कितव्या डोळ्यावर आहे. त्यावरून छाटणी कुठे घ्यायची ते ठरतं. मी पहिल्यांदा त्या भिंगातून पाहिलं तेव्हा एवढ्याशा डोळ्याच्या पोटात घडाचा आकार होता. देव काम करतो ते मला असंच वाटतं, उन्हाळ्यात, काडीच्या आत.

पण इथे थांबलो तर खोटं सांगितल्यासारखं होईल. कारण डोळ्यात घड असला तरी हातात पडेलच असं नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ-कूज, पुढे डाउनी हा बुरशीचा रोग. माल तयार होत आल्यावर पाऊस झाला की मणी तडकतात. तडकलेला मणी निर्यातीला चालत नाही, बेदाण्यालाही धड चालत नाही. आणि गारपीट झाली तर अर्ध्या तासात संपतं सगळं. एका साली आमची बाग अशी गेली. सकाळी बांधावर उभे होतो तर जमिनीवर मण्यांचा चिखल, आणि भाऊ तारेला धरून नुसता उभा. सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर. त्या रविवारी आम्ही चर्चला गेलो. उपकारस्तुतीचं गीत लागलं तेव्हा मला म्हणता येईना. शेजारचे म्हणत होते, मी ऐकत होतो.

तेव्हापासून हबक्कूकाच्या ओळीतल्या 'तरी' या शब्दावर माझा जीव आहे. पीक आलं म्हणून आनंद करीन, असं तो म्हणत नाही. आणि बुडालं ते बुडालं नाही, असंही म्हणत नाही. एकेक बुडालेली गोष्ट मोजून दाखवतो आणि मग गातो.

औषधं मारतो, हवामानाचा अंदाज रोज बघतो, विमा काढतो. आणि पहाटे गुडघ्यांवर बसतो. यातली एक गोष्ट केली म्हणून दुसरी सोडावी, असं मला कधी वाटलं नाही.

परिचारिका

द्राक्षबाग दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मला एक सांगायचंय, विशेषतः जे दुसऱ्यांना धीर द्यायला जातात त्यांना. माझा धाकटा भाऊ कॅन्सरने गेला. आम्ही उपास केले, साखळी प्रार्थना केली, तेल लावून प्रार्थना झाली. एका बाहेरच्या सभेत त्याला पुढे नेलं, तर तिथे सांगितलं की तो बरा झाला, आता औषध नको. आईने औषध थांबवलं नाही हे देवाचे उपकार. तो गेल्यावर त्यांच्यातलेच एक जण मातीला आले आणि आईला म्हणाले, विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. आई त्यानंतर कित्येक महिने प्रार्थनेला बसली नाही. देवाचा राग नव्हता तिला. आपल्यामुळे लेकरू गेलं असं तिला वाटत होतं.

कृपा करून कोणी कोणाला असं बोलू नका. दानिएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीला नमन करत नाहीत म्हणून भट्टीत टाकायला नेलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला काय म्हणाले? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि तो सोडवील. पण न सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. 'न सोडवलं तरी' असं म्हणणाऱ्यांचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढं मिळालं. तो पौल होता!

सातपूरकर दादा, आईंच्या डायलिसिसचं जे ठरेल ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. चाकणला हलायचं असेल तर तिथल्या सेंटरमध्ये योजनेतली जागा आहे का ते आधी विचारा. असे पेशंट मी रोज बघते. एक पाळी चुकली तरी पाणी साचतं, दम लागतो.

कृपावृष्टी

मला वाटतं तुम्ही सगळे फार निराश बोलताय. विश्वासाने बोलावं, तोंडाने कबूल करावं की नोकरी कायम झाली. आणि विश्वासाचं बी म्हणून काही दान पेरावं, देव शंभरपट देतो. मी अनुभवलंय.

द्राक्षबाग

ताई/दादा, तुमच्या अनुभवाचा मान राखून बोलतो. शंभरपट पीक येण्याचा दाखला मत्तय 13 मध्ये आहे, आणि तिथलं बी म्हणजे राज्याचं वचन आहे, असं प्रभूने स्वतः उलगडून सांगितलंय. ज्याच्या घरी डायलिसिस आहे आणि एप्रिलचा हप्ता अडलाय, त्याला दान पेरायला सांगणं मला पटत नाही. अशा घराला मंडळीने द्यायचं असतं. प्रेषितांच्या कृत्यांत पहिली मंडळी तेच करत होती, ज्याला जशी गरज तसं वाटून देत होती.

आणि निराश कोण आहे? हबक्कूकाचं गाणं पुन्हा वाचा.

जलालपूरची लेक

वर टिळकांचं नाव निघालं म्हणून लिहितेय. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आमच्या जवळच्या जलालपूरच्याच. मला या विषयात टिळकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त शिकायला मिळालं.

टिळकांचा भरवसा मोठा होता यात शंका नाही. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार, जात, नातीगोती सगळं पणाला लावलं. 1917 साली मिशनचं काम, म्हणजे ठरलेला पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांत, 1919 साली ते गेले. आपण व्यासपीठावरून हे सगळं फार अभिमानाने सांगतो.

पण लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना दुसरी बाजू दिसते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्या बाईचं भविष्य एका दिवसात अंधारात गेलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. चार-पाच वर्षांची ताटातूट झाली, सगळ्यांची बोलणी खाल्ली. पुढे त्याही ख्रिस्ताकडे आल्या, 1900 साली बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेळेला. त्यानंतरही टिळक हातातलं देऊन टाकणार आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं ते लक्ष्मीबाईंनी बघायचं, असाच संसार झाला. तरी त्यांच्या लिहिण्यात कडवटपणा नाही, उलट हसू आहे. तो भरवसा मला टिळकांच्या भरवशाइतकाच मोठा वाटतो. त्याच्यावर प्रवचन मात्र कोणी करत नाही.

म्हणून सातपूरकर, मला विचारावंसं वाटतं. तुम्ही देवावर भार टाकाल, तेव्हा घरात तो कोणाच्या खांद्यावर जाऊन पडेल? तुम्ही चाकणला गेलात तर डायलिसिसला कोण नेणार, रात्री आईंजवळ कोण बसणार, शिवणकाम कधी होणार? तुमच्या लेखनात वहिनींचं काम आलंय, त्यांचं मत आलेलं नाही. घरातल्या पुरुषाने 'प्रभूने मला दाखवलं' असं म्हटलं की बाकीच्यांचं बोलणं आपोआप थांबतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

गोदाकाठची

जलालपूरची लेक, हे कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

शरणपूर रोड

थोडं इतिहासाचं, कारण आपण रोज त्या रस्त्याने जातो. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांचं नाव त्यात येतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणली जात. शिक्षण, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. आपलं गाव कुठलं, आईबाप जिवंत आहेत का, पुढे कुठे जाणार, यातलं काहीच त्या लेकरांना ठाऊक नसायचं.

त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा मिशनरी आणि प्रवासी आफ्रिकेच्या आत खोलवर मेला, तेव्हा त्याच्यासोबतच्या माणसांनी त्याचं शव हजार मैलांच्या वर चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. निघण्याआधी, तो मेला त्या गावी मरणविधीची प्रार्थना वाचली ती आपल्या नाशिकला शिकलेल्या या जेकबने. पुढे एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा पेटीला धरणाऱ्यांत तो होता.

त्याचं पुढचं आयुष्य सुखाचं झालं असं मला सांगायचं नाही, आणि त्याला गुलाम केलं गेलं तो देवाचा संकल्प होता, असं तर मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्याला उद्याचं काहीच माहीत नव्हतं, त्याने हातात आलेलं काम शेवटपर्यंत नेलं. शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलो की मला तो आठवतो.

नाशिकरोडकर

मी कॅथलिक. निर्णय घ्यायचा असेल तेव्हा आमच्याकडे संत इग्नेशियस लोयोला यांची शिकवण वापरतात, ती सांगतो. एका साधनेत येशूसंघाच्या फादरांकडून शिकलो.

पहिलं, मन खचलेलं असताना, प्रार्थना कोरडी वाटत असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. रात्री दोनला तर काहीच ठरवू नये! दुसरं, दोन्ही वाटा चांगल्या असतील तर आधी मन मोकळं करायचं. अमुकच हवं, हा हट्ट देवापुढे ठेवायचा. मग प्रत्येक वाटेचे फायदे-तोटे कागदावर लिहायचे. तिसरं, आपल्यासारख्याच अडचणीतला एखादा अनोळखी माणूस समोर आणायचा आणि त्याला आपण काय सल्ला देऊ ते पाहायचं. आणि चौथं, मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना आज काय केलेलं बरं वाटेल, हा विचार करायचा.

यातून भविष्य कळत नाही. पण भीतीने घेतलेला निर्णय आणि प्रार्थनेत घेतलेला निर्णय वेगळे ओळखू यायला लागतात. कागद मात्र खरंच घ्या, मनातल्या मनात करू नका.

लेकीची आई

नमस्कार. मी सातपूरकरांची पत्नी. हा धागा त्यांनीच वाचायला दिला. इथे कधी लिहिलं नव्हतं, आज खातं उघडलं.

जलालपूरच्या ताईंनी विचारलं म्हणून सांगते. काल रात्री आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. मला चाकण नको आहे, आणि पैशाचा प्रश्न मला कळत नाही असं नाही. सासूबाईंचं सेंटर, तिथल्या सिस्टर, त्यांचा हात नीट सापडणारा तो टेक्निशियन, हे सगळं इथे बसलंय. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडून तयार केलेल्या हातात सुई नीट गेली नाही की त्या आठवडाभर कण्हतात. नव्या गावी ते पुन्हा पहिल्यापासून होणार, आणि हे कामावर असताना ते मलाच निभवायचं. हे मी याआधी बोलले नव्हते, कारण ह्यांच्या डोक्याला आधीच ताप आहे.

पण मी 'नको' एवढंच म्हणून थांबले नाही. एका शाळेच्या गणवेशाचं काम विचारून ठेवलंय, मे-जूनमध्ये मिळेल असं म्हणतात. मिळालं तर मशीन दिवसभर चालेल. आणि घराचा हप्ता काही महिने कमी करून मिळतो का, ते बँकेत जाऊन विचारायचं ठरवलंय.

मला मन्ना आठवतो, रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न. एका दिवसापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करा, असंही देवानेच सांगितलं होतं. म्हणजे कधी साठवायचं आणि कधी फक्त आजचं बघायचं, हे त्यालाच विचारत राहायचं. आम्ही आता रोज रात्री जेवण झाल्यावर मुलीसोबत प्रार्थना करतो. ती प्रार्थनेत म्हणते, 'पप्पांचं मार्चचं बघ.' मला सगळ्यात जास्त धीर त्याने येतो.

सातपूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या प्रेमाने लिहाल असं वाटलं नव्हतं.

काय ठरलं ते सांगतो. चाकणचा अर्ज टाकलाय, कारण दार बंद करायचं कारण नाही. पण मुलाखतीला बोलावलं तरी आईला इथून हलवायचं नाही, हे पक्कं. गेलो तर मी एकटा आणि तेही नाशिकला काही मिळेपर्यंत. अंबडलिंक यांना बायोडेटा पाठवलाय. त्यांनी दोन ठिकाणी खुणा करून परत पाठवला. अनुभवाचं पत्र मागितलंय.

वाचनवही सर, 32वा अध्याय आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला. यिर्मयाने व्यवहार आधी केला आणि प्रश्न नंतर विचारला, हे माझ्या फार कामी आलं. माझे प्रश्न सुटेपर्यंत मी सगळंच अडवून धरलं होतं, अगदी आईच्या खोलीच्या गळक्या छताचं कामसुद्धा, कारण मार्चनंतर काय माहीत. ते छत आता करून घेतोय. गवंडी शनिवारी येतोय.

झोप अजून लागत नाही. पण जाग आली की यिर्मयाची ती प्रार्थना वाचतो, 32:16 पासून पुढे. त्यात तो देवाला आधी तुझे सामर्थ्य मोठे असं म्हणतो आणि मग सरळ विचारतो. तसंच मीही विचारतो.

परिचारिका

छताचं काम होईपर्यंत आईंना त्या खोलीत ठेवू नका हं. ओल आणि धूळ दोन्ही वाईट.

गोदाकाठची

वहिनी, सेंटर आमच्या भागातच आहे ते आता कळलं. मंगळवार-गुरुवार-शनिवारची पाळी असेल तर शनिवारी माझ्याकडे गाडी असते. मी आणि आमच्या महिला मंडळातल्या एक काकू आळीपाळीने आईंना सोडू-आणू, म्हणजे तुम्हाला शिवणाला दिवस मिळेल. नंबर व्यनिने पाठवलाय. या शनिवारी गवंडी येणारच आहे, तर याच शनिवारपासून सुरू करूया का? किती वाजता घ्यायला येऊ ते कळवा.